शोकाचा स्टॉक

मरण कधी येईल हे कोणालाच सांगता येत नाही, पण पुष्पचक्र किती वाजता येईल हे सांगता आलंच पाहिजे. या धंद्याचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

कोरियातल्या सोल शहरात मोठ्या इस्पितळांत दुखवट्याची दालनं तळघरात असतात. वर उपचार, खाली शोक, मध्ये एक लिफ्ट. (नातेवाइकांना गाडी दुसरीकडे नेऊन लावावी लागत नाही.) दालनाबाहेर पांढऱ्या शेवंतीची, माणसापेक्षा उंच, तीन मजली पुष्पचक्रं ओळीने उभी राहतात आणि प्रत्येकावर पाठवणाऱ्याच्या नावाची फीत लोंबते. जे आधी पोहोचतं ते दाराशी, जे मागून पोहोचतं ते स्वच्छतागृहाशी. दाराशी उभ्या असलेल्या कंपनीचं दुःख सगळे वाचतात. स्वच्छतागृहाशी उभ्या असलेल्या कंपनीचं दुःख घाईतली माणसं वाचतात, तेही अर्धवट.

'चनदुंग पुष्पचक्र सेवा' वेगाच्या बाबतीत शहरात दुसरी होती. पहिली होती 'बनगे'. चनदुंग म्हणजे गडगडाट आणि बनगे म्हणजे वीज. नाव ठेवताना बोंग मालकांनी भरपूर विचार केला होता (सुमारे दीड मिनिट). दोन्हींत आधी काय येतं आणि मागून काय, तेवढंच बघायचं राहून गेलं. वीज सत्तेचाळीस मिनिटांत पोहोचायची, गडगडाट बावन्न.

मधली पाच मिनिटं खाऊन टाकण्यासाठी मालकांनी अनेक हितकारक सुधारणा केल्या. जेवताना बसण्याची प्रथा बंद झाली. फोनवरचं बोलणं चार सेकंदांत आटपायचं ठरलं. पाचव्या सेकंदाला फोन आपोआप कट होई. मालक दिवसभर 'पल्ली पल्ली' म्हणून ओरडत, म्हणजे लवकर लवकर. पण दुसऱ्या 'पल्ली'त वर्षाकाठी अकरा तास जातात असं लक्षात आल्यावर ते एकदाच म्हणू लागले. ते वाचलेले अकरा तास पुढे कोणाला सापडले नाहीत, पण ते वाचले याबद्दल कंपनीत दुमत नव्हतं.

एवढं करूनही पाच मिनिटं उरलीच. ती ओकबुनकाकूंच्या टेबलावर सापडली.

काकू फिती लिहायच्या. इतरांकडे फितीवर फक्त पाठवणाऱ्याचं नाव, तेही छापील. चनदुंगच्या फितीवर गेलेल्या माणसाचंही नाव असे, आणि ते कुंचल्याने लिहिलेलं. काकू सव्वीस वर्षं तेच करत होत्या. रोज सकाळी घरामागच्या टेकडीवरच्या देवळात बुद्धापुढे एकशे आठ नमस्कार घालून त्या कामावर येत, आणि त्यानंतर कोणाचंही नाव घाईने लिहायला त्यांचा हात तयार होत नसे.

"एका नावाला पाच मिनिटं, काकू?" मालक घड्याळ धरून उभे राहिले. "मरणाऱ्यालासुद्धा एवढा वेळ लागत नाही हो!"

"त्याचं नाव पुन्हा कोणी लिहिणार नसतं, मालक," काकू हळूच म्हणाल्या. "वाकडं जायला नको."

"हे बघा, एक तर मी छापायचं यंत्र आणतो आणि तुम्ही कुंचला घरी न्या. नाहीतर आधीच लिहून ठेवा. ऐंशीच्या पुढचे सगळे मोठे लोक. मी यादी देतो."

"चांगल्या जित्याजागत्या माणसांवर शोक लिहायचा?"

"शोक नाही काकू, स्टॉक."

काकूंना दुसरं काम येत नव्हतं, आणि कुंचला खाली ठेवल्यावर हातांचं काय करायचं हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी यादी घेतली. नावं एकशे आठ भरली. (मालकांनी एकशे सहाच दिली होती. उरलेली दोन कुठून आली हे त्यांनी विचारलं नाही, कारण विचारायला वेळ लागतो.) मन खात होतं म्हणून काकूंनी देवळात एक सोय करून घेतली. रोजचे नमस्कार घालायचेच होते. मग एका नावाला एक: या माणसाला एवढ्यात नेऊ नकोस.

वर्ष सरलं. साठ्याची तपासणी झाली तेव्हा एकशे आठपैकी एकशे आठ फिती जागच्या जागी होत्या. यादीतल्या दोघांनी नव्याने लग्न केलं होतं. एक्याण्णव वर्षांच्या एकांनी मोटार चालवण्याचा परवाना काढला होता. मरत होते ते सगळे यादीबाहेरचे. त्यांची नावं आयत्या वेळी लिहावी लागत आणि बनगे आधी पोहोचे.

"असला कसला हा माल!" मालक कपाटासमोर उभे राहून म्हणाले. "हलतच नाही! सोमवारी यंत्र येतंय, काकू. त्याआधी यातलं एक तरी नाव दाराशी पहिलं उभं राहिलं तर ठीक, नाहीतर कुंचला पिशवीत."

काकूंनी मान हलवली. कुंचला राहायचा तर एकशे आठांतलं कोणीतरी जायला हवं होतं. शुक्रवारी सकाळी देवळात त्यांना क्षणभर तसा मोह झाला. मग त्यांनी एकशे आठच्या एकशे आठ नावांना नमस्कार घातले, आणि मोहाबद्दल एक जास्तीचा.

त्याच दुपारी इस्पितळातल्या रखवालदाराचा फोन आला. बड्या रुग्णांची हालचाल कळवायला मालकांनी त्याला सांगून ठेवलं होतं. आठव्या मजल्यावर यादीतले प्यो अध्यक्ष होते, वय चौऱ्याऐंशी, झटपट नूडल्सच्या कारखान्याचे संस्थापक आणि चनदुंगचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. रखवालदार म्हणाला, "मालक, प्यो अध्यक्ष गेले..."

चार सेकंद झाले. फोन कट झाला.

"पल्ली!" मालक ओरडले. फीत तयार, शेवंती तयार, गाडी सुरू. मालकांनी काकूंनाही आत कोंबलं, वाटेत एखादं अक्षर सुटलं तर हाताशी असाव्यात म्हणून. नऊ मिनिटांत पुष्पचक्र तळघरात उभं राहिलं. असा विक्रम या धंद्यात झालेला नव्हता. बनगेच्या माणसाने तर अजून बूटसुद्धा चढवले नव्हते.

फक्त शोकाकुल असं कोणी दिसेना. समोरच्या खानावळीच्या बाकावर इस्पितळाच्या कपड्यांतले एक म्हातारे गृहस्थ वाफाळता वाडगा तोंडाशी धरून बसले होते. रखवालदाराचं वाक्य पाचव्या सेकंदाला पुरं झालं होतं: गेले, खाली, नूडल्स खायला.

प्यो अध्यक्षांनी वाडगा ठेवला, उठले आणि स्वतःची फीत वाचली. मालकांचा चेहरा शेवंतीच्या रंगाचा झाला.

"किती मिनिटांत आणलंत?"

"नऊ, अध्यक्षसाहेब."

"शाबास! माझ्या नूडल्स शिजून मी अर्ध्याच खाल्ल्या होत्या." मग त्यांनी फितीवर अंगठा फिरवला. "शाई खडखडीत वाळलीय. हे आज लिहिलेलं नाही. कोणी लिहिलं?"

"मी," काकू म्हणाल्या. मालक मागून त्यांची बाही ओढत होते, पण खोटं बोलायला काकूंना त्या नाव लिहायला घेत त्याच्याहूनही जास्त वेळ लागला असता. "गेल्या वर्षी, शेवंतीच्या दिवसांत. कुंचला जाऊ नये म्हणून लिहिलं. आणि तेव्हापासून तुमच्या नावाने रोज एक नमस्कार घालते, तुम्ही लवकर जाऊ नये म्हणून."

"रोज?"

"रोज. आज सकाळीसुद्धा."

"यादीत अजून कितीजण आहेत?"

"एकशे सात."

"त्यातले गेले किती?"

"कोणीच नाही," मालक रडवेल्या आवाजात म्हणाले.

प्यो अध्यक्ष खाली बसले. अधिक महिन्यात अंत्यवस्त्र शिवून ठेवलं की आयुष्य वाढतं, हे त्यांच्या आईने त्यांना लहानपणीच सांगितलं होतं. वस्त्राने एवढं होतं, तर फितीने काय होईल! "गेल्या वर्षीपासूनच माझी साखर ताळ्यावर आहे," ते पुटपुटले. मग मालकांकडे वळून ओरडले, "या बाईंच्या कुंचल्याला कोणी हात लावला, तर माझ्या कारखान्याचं एक फूलसुद्धा तुमच्याकडून जाणार नाही!"

सोमवारी यंत्र आलं, पण कुंचला पिशवीत गेला नाही. आठवडाभरात सोलमधल्या साऱ्या वृद्धांनी चनदुंगच्या दारात रांग लावली. प्रत्येकाला स्वतःची फीत लिहून हवी होती, आणि लवकर हवी होती.

"नमस्कार जरा भराभर घाला ना, काकू," मालक काकुळतीला आले. "पल्ली! दिवसाला हजार!"

"एकशे आठच होतात, मालक. गुडघे तेवढेच आहेत."

तेव्हा काकूंच्या हातच्या एकशे आठ जागा भरलेल्या आहेत. जागा रिकामी होण्याची पद्धत ठरलेली आहे, पण तशी ती होत नाही. प्रतीक्षायादीत सहा हजार चारशे नावं आहेत आणि सगळे शांतपणे थांबले आहेत. थांबण्यानेही प्रकृतीला आराम पडतो, असं त्यांच्यातल्या काहींचं म्हणणं आहे.

ज्यांना थांबायला अजिबात सवड नाही, त्यांच्यासाठी मालकांनी त्या यंत्राचा सदुपयोग केला आहे. तेव्हा हे लिखाण वाचताना ज्यांनी घाईघाईत मधले परिच्छेद गाळून थेट इथे उडी मारली असेल, त्यांनी निश्चिंत असावं. त्यांची फीत छापून तयार आहे. नमस्कार तेवढा व्हायचा राहिला आहे.