ब्लॉगसाठी तीन दरपत्रकं

कोपरखैरण्याचे पंढरी मढवी भांडार अधीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी ब्लॉग काढायचं ठरवलं. यात हसण्यासारखं काही नाही. निवृत्त माणूस एकतर सोसायटीचा सेक्रेटरी होतो नाहीतर लिहायला लागतो, आणि दुसऱ्याचा उपद्रव त्यातल्या त्यात कमी. शिवाय मढवींकडे लिहिण्यासारखं खरोखरच होतं. त्यांची आत्या राहीबाई, वय वर्षं शहाऐंशी, मुक्काम तळवली. आज जिथे काचेच्या इमारती आहेत तिथे एकेकाळी मिठागरं होती आणि प्रत्येक मिठागराला, बांधाला, खाडीचं पाणी आत घेणाऱ्या उघाडीला आपलं नाव होतं. ती नावं ना नकाशात होती, ना सातबाऱ्यावर. ती एका राहीबाईच्या डोक्यात उरली होती. मढवी दर रविवारी भेटायला गेले की म्हातारी म्हणायची, "पंढरी, मी हाय तवर लिवून घे रं."

मढवींची मुलगी मनस्वी ऐरोलीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, पप्पा, ब्लॉग फुकटात निघतो, दहा मिनिटांत करून देते, तुम्ही आजीकडून नावं घेऊन या. मढवींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एकतीस वर्षांत या माणसानं तीन दरपत्रकांशिवाय टाचणी घेतली नव्हती. स्वतःच्या लग्नातला बँडही तीन दरपत्रकांवरच ठरला होता, आणि सर्वात कमी दर असलेला बँड कसा वाजतो ते सरस्वतीबाई अजून माहेरी सांगतात. फुकट म्हणजे दर निरंक, आणि निरंकाची तुलना कशाशी करणार? शिवाय भांडाराचा पहिला नियम असा की माल ठेवायची जागा मंजूर झाल्याशिवाय माल ताब्यात घ्यायचा नाही. आत्याच्या आठवणी हा माल होता. इंटरनेटवर तो ठेवायला जी जागा भाड्यानं मिळते तिला होस्टिंग म्हणतात, एवढं मढवींनी मुलीकडून समजून घेतलं आणि फाइल उघडली.

तीन सदस्यांची खरेदी समिती झाली. अध्यक्ष मढवी, सदस्य सरस्वतीबाई, तांत्रिक सदस्य मनस्वी. पहिल्याच बैठकीत सरस्वतीबाईंनी "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी" असा शेरा मारला. तो इतिवृत्तात भिन्नमत म्हणून नोंदवण्यात आला आणि चहापानानंतर बैठक संपली.

तीन कंपन्यांकडे दरपत्रकं मागवली. सहीशिक्क्यानिशी, बंद लिफाफ्यात. कंपन्यांच्या संकेतस्थळावर चोवीस तास हसतमुख असणारं एक यंत्र होतं, त्यानं मढवींना विचारलं, मी आपली काय मदत करू? मढवींनी लिहिलं, शिक्का. यंत्रानं सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम दाखवलं. असं दीड महिना चाललं. शेवटी मनस्वीनंच तिन्ही पानं छापून आणली, आणि मढवींनी स्वतःचा जुना 'आवक' शिक्का मारून ती दाखल करून घेतली.

मग तुलनात्मक तक्ता. एका कंपनीनं 'अमर्यादित जागा' म्हटलं होतं. अमर्यादित गोदाम मढवींनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, ती तिथेच बाद. दुसरीनं लिहिलं होतं, सेवा नव्व्याण्णव पूर्णांक नऊ दशांश टक्के वेळ चालू. मढवींनी उरलेल्याचा हिशेब केला. वर्षातले आठ तास पंचेचाळीस मिनिटं छत्तीस सेकंद बंद. नेमके कोणते, ते त्यांनी लेखी विचारलं, कारण त्याच वेळी एखादा वाचक आला तर त्यानं काय बाहेर उभं राहायचं? वाचक अजून एकही नव्हता, पण म्हणून त्याची आबाळ का करायची!

दर रविवारी ते तळवलीला जायचे आणि आत्याला प्रगती सांगायचे. म्हातारी तोंड उघडायची, की हे आठ तास पंचेचाळीस मिनिटं सुरू करायचे.

तिसऱ्या कंपनीनं कळवलं की आपला माल नवी मुंबईतच, अमुक इमारतीत सुरक्षित राहील. नियमाप्रमाणे आता स्थळपाहणी आली. स्थळपाहणीला पंचनामा आला आणि पंचनाम्याला स्थानिक प्रतिष्ठित पंच. तळवलीपासून इमारत हाकेच्या अंतरावर, म्हणून मढवींनी आत्यालाच पंच केलं आणि रिक्षात घालून नेलं. फाटकावरच्या गुरख्यानं आत सोडलं नाही. मढवी बाहेरूनच मजले मोजत होते. राहीबाई मात्र रिक्षातून उतरून कुंपणाला हात लावून उभी राहिली.

"यो काचंचा डोंगर हाय ना, यो आपला रांजनपाट. माज्या बापानं या बांधाव मीठ ओडलं. त्या फाटकाशी उघाडी व्हती, तिचं नाव..."

"आत्या, थांब जरा," मढवी म्हणाले, "सात झाले का आठ? तुझं सगळं घ्यायचंय मला. आधी जागा तर ठरू दे."

म्हातारी थांबली. पंचनाम्यावर तिनं अंगठा दिला, आणि पाहणी समाधानकारक झाली.

फाइल सुरू झाल्यापासून चौदाव्या महिन्यात जागा मंजूर झाली. दिवसाला एक लाख वाचक आले तरी डगमगणार नाही अशी. मढवी पेढे, वही आणि दोन पेनं घेऊन तळवलीला गेले, दुसरं पेन राखीव. आत्याला श्रावणात ताप येऊन गेला होता. तेव्हापासून ती गप्प गप्प असायची.

"आत्या, झालं काम. सांग आता नावं."

राहीबाईनं कोऱ्या वहीवरून बोट फिरवलं. "कसली रं नावं? मना काय बी आठवत नाय. ती तुजी आठ तास पंचेचालीस मिन्टं तेवडी आठवतान."

वही कोरी, पेढ्यांचा पुडा तसाच, आणि राखीव पेनसुद्धा खिशात. असे मढवी घरी परतले.

पण खरेदी केलेली वस्तू विनावापर पडली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, ही सवय हाडात मुरलेली. काहीतरी ठेवणं भाग होतं. म्हणून त्यांनी तो तुलनात्मक तक्ताच ब्लॉगवर चढवला. तो धो धो चालला. चार महिन्यांत एक्केचाळीस हजार वाचक. सगळ्यांना ब्लॉग काढायचा आहे, सगळ्यांना आधी जागा ठरवायची आहे. परवा एकानं खाली लिहिलं, 'सर, आमचे आजोबा एक्क्याण्णव वर्षांचे आहेत, त्यांच्या आठवणी लिहायच्यात. सगळ्यात चांगलं होस्टिंग कोणतं? नीट बघून सांगा, घाई नाही.'

मढवी आता रोज एकच गोष्ट आठवत बसतात. त्या फाटकाशी आत्यानं एक नाव सांगितलं होतं. उघाडीचं राहिलं, पण मिठागराचं पूर्ण सांगितलं होतं. ते परत जाऊन आले, तर गुरखा बदललेला. रिक्षावाल्याचा पत्ता नाही. सरस्वतीबाईंना ते सांगतात की तिथे ऐकायला आणखी कोणीच नव्हतं.

हे काही खरं नाही. तुम्ही होतात. ते नाव आत्ताच तुमच्या डोळ्यांखालून गेलं. वर न बघता सांगा बघू.

असू द्या. घाई नाही.