सायकल सर

साळवे सरांना सायकल चालवता येत नव्हती, तरी अख्खी पाथर्डी त्यांना सायकल सर म्हणायची. एकदा एक माणूस पंक्चर झालेली सायकल ढकलत आमच्या खोल्यांपर्यंत आला आणि सरांच्या दारात त्यानं ती उलटी करून ठेवली. सरांनी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि पंक्चर सोडून बाकी सगळं समजावून सांगितलं. तो बिचारा मान डोलावत सायकल ढकलतच परत गेला.

सगळा घोळ ‘सायक्लिन’ या शब्दाचा; सर तो सतत म्हणायचे, लोक सायकल ऐकायचे. सर आमच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायचे, मी मराठी. नव्वदनंतरची ती वर्षं. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. सायक्लिन हे पेशीच्या आतलं प्रथिन, हे मला कळलं ते बस स्टँडबाहेर, नगरला जाणाऱ्या जीपमध्ये. बराच वेळ झाला तरी जीप हलेना. सरांनी ड्रायव्हरला कारण विचारलं.

“भरल्याबिगर कशी सोडू सर?”

सर एकदम खूश झाले. “बघा, पेशीचं हुबेहूब असंच असतं. आत सायक्लिन साठत जातं. पुरेसं साठलं की पेशी पुढं निघते, एकीच्या दोन होतात. काम झालं की पेशी ते सायक्लिन मोडून टाकते. पॅसेंजर उतरले, जीप थांबली.”

“अन् उतरलेच न्हाई तर?” मागच्या म्हातारीनं विचारलं.

“तर थांबतच नाही आजी. दोनाच्या चार, चाराच्या आठ. त्याची गाठ होते.”

म्हातारीनं पिशवी जवळ ओढली. “मी तिसगावला उतरनार हाय,” ती म्हणाली.

सरांना ऐकायला कोणीही चालायचं. पेपरवाला, गॅसवाला, परीक्षेला बाहेरून आलेले सुपरवायझर. “थांबणं हेसुद्धा काम आहे बरं का,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतः मात्र थांबत नसत. प्रत्येक सुट्टीत पुण्याच्या लायब्ररीत जाऊन झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन यायचे आणि संध्याकाळी मला ओट्यावर गाठायचे. “हे आपल्या पुस्तकात अजून यायचंय,” म्हणत माझी बाही धरून ठेवायचे. आतून बायकोची हाक आली की बाही सोडायचे. “जा, जा. वहिनी खोळंबल्यात.” मी आत जायचो. दार लावताना दिसायचं, सर तिथंच उभे. मग त्यांचा रेडिओ सुरू व्हायचा.

त्यांच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी पत्नीचा फोटो होता. मालतीताई मी पाथर्डीला येण्याआधीच आजारपणात गेल्या होत्या. त्या विषयावर सर कधी बोलत नसत, आणि मीही विचारलं नव्हतं.

एका दुपारी स्टाफरूममध्ये आमचे शिपाई रंगनाथमामा चहा देताना गप्प गप्प होते. सरांनी विचारल्यावर बोलले. त्यांच्या बायकोच्या, कौसाबाईंच्या, छातीत गाठ निघाली होती. नगरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगून पुण्याला न्यायला सांगितलं होतं.

“भावजयीनं तिचं ताट-ग्लास येगळं काढलंय सर. लोकं म्हनत्यात लागन हुती. शेजारच्या बाया बी येईना झाल्या.”

सरांनी भरलेला कप तसाच ठेवला. “चला,” ते मला म्हणाले. मला वाटलं, आता सायक्लिन ऐकायची पाळी मामांच्या घरावर.

कौसाबाई ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला बघून पदर सावरून त्या आणखी कोपऱ्यात सरकल्या. भावजयीनं कपबशा आणल्या. सरांचं लक्ष कोनाड्यातल्या एकट्या स्टीलच्या ग्लासाकडे होतं.

“मला त्या ग्लासात द्या.”

“सर, त्यो जाऊबाईंचा हाय.”

“असू द्या. लहानपणी गावात चहावाला आमचा कप बाहेर वेगळा ठेवायचा. मला सवय आहे.”

भावजयीनं खाली बघत चहा ओतला. सर सावकाश प्यायले. मी सायक्लिनची वाट पाहत होतो. शेवटी कौसाबाईच बोलल्या.

“सर, तुमी शिकल्याले. माझं काय चुकलं वो?”

“काही नाही चुकलं, बाई. पेशीला थांब म्हणणारं आत काहीतरी असतं, ते बिघडलं. कोणाचंही बिघडतं. त्यात तुमचा दोष नाही, आणि ते चहातून कोणाला लागत नाही.” सरांनी ग्लास खाली ठेवला. “आमच्या मालतीलाही हाच आजार होता. तिनंही मला हेच विचारलं होतं. मी कॉलेजात पेशी शिकवत होतो, आणि मला उत्तर आलं नाही. ती गेल्यावर शोधत बसलो.”

“तवा त्यांच्याकडं कोन येत हुतं?”

“कोणी नाही.”

कौसाबाई कोपऱ्यातून पुढं सरकल्या. मग भावजयीला म्हणाल्या, “भाकरी टाक गं. सर जेवून जात्याल.”

पुढं रंगनाथमामांबरोबर सर स्वतः पुण्याला गेले. ऑपरेशन झालं, आणि कौसाबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. पण मला आठवते ती त्या दुपारची पंगत. कौसाबाई आमच्याबरोबर बसल्या. सर पिठलं-भाकरी हळूहळू खात होते.

“घरी सैपाक कोन करतं?” कौसाबाईंनी विचारलं.

“मीच करतो,” सर म्हणाले. “पण भाजी अजून एकट्यापुरती जमत नाही. दोघांचीच होते.”

कौसाबाईंनी न विचारता त्यांच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.