नानांनी सरळ केलेला गालिचा

माणसाचा जमाखर्च मला नुसत्या चेहऱ्यावरून मांडता येतो! म्हणून तर आमच्या प्रियदर्शनी मॅडमच्या घरी रंगकाम निघालं, तेव्हा त्यांचा शंभर वर्षांचा बलुची गालिचा मी आपणहून आमच्या कोथरूडच्या फ्लॅटवर आणला. माझ्या बढतीची फाईल त्यांच्या टेबलावर, त्यांचा गालिचा माझ्या हॉलमध्ये. जमेची बाजू भक्कम! सासरे मात्र मी हिशेबात धरले नव्हते.

नाना खडकीच्या लष्करी कारखान्यातून तपासनीस म्हणून रिटायर झाले. लेकीकडे राहायला आले आणि आल्या आल्या गालिच्यावर ओणवे झाले.

"जावईबापू, माल वाकडा आहे. या टोकाला दीड इंच जास्त."

"नाना, भटक्या टोळीतल्या बायका जमिनीत खुंट्या ठोकून माग ताणायच्या. मुक्काम हलला की माग गुंडाळून उंटावर! नव्या जागी ताण वेगळा, म्हणून रुंदी वेगळी. रंगही तिथेच नव्याने उकळायचा. हा बघा, लाल मधेच विटकरी झालाय."

"म्हणजे शिफ्ट बदलली की माल बदलतो! आमच्याकडे मेमो मिळाला असता."

मी हसलो आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी हॉल रिकामा!

"नीरजा, गालिचा?"

"गच्चीवर. आणि ओरडू नका हं, नाना दमून झोपलेत."

वर गालिचा चिंब भिजवून, प्लायवूडवर ताणून, चारी कडांना खिळे! दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा ताठ. मी खिळा उपटणार, एवढ्यात मागून झोपेतून उठून आलेल्या नानांचा आवाज, "ओला सोडलात तर आकसेल! जबाबदारी तुमची."

मग काय, रजा टाकून दोन दिवस गच्चीवर कावळे हाकत बसलो.

रविवारी मॅडम गालिचा न्यायला आल्या. गालिचा नानांनीच उलगडला. मॅडमनी वाकून दोन्ही टोकं वितीने मोजली.

"हा वाकडा होता ना?"

"होता!" नाना खुलले. "आता चारी कोपरे काटकोनात. आभार नकोत."

"अहो, त्या वाकडेपणासाठीच तर घेतला होता मी! त्या बायकांचा एकेक मुक्काम दिसायचा त्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "होता तसा करून आणा. फाईलचं त्यानंतर बघू."

त्या गेल्या. मी सोफ्यावर कोसळलो. बढती गेली, रजा गेली, पाठ तर गच्चीवरच गेली होती. नाना शांतपणे चष्मा पुसत होते.

"वाकडा करायचा? करू की. पण नेमका किती इंच, ते बाईंकडून लेखी आणा!"