टू बीएचके, हवेशीर, तुळशीसह

घर ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि घराचा फोटो ही एजंटाची. या दोन्ही गरजा एकाच जागी भागवण्याचं थोर कार्य प्रॉपर्टीच्या वेबसाइट्स करतात. पहिल्या गरजेबाबत अजून काही तक्रारी आहेत. दुसरीबाबत एकही नाही.

मी नवघरमध्ये ‘सदानंद प्रॉपर्टीज’ चालवतो. (आमच्या आजोबांची भातशेती होती त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींमधले फ्लॅट मी आज परक्यांना भाड्याने दाखवतो. प्रगती म्हणतात ती हीच.) पूर्वी एजंटाला गल्ल्या माहीत असाव्या लागत. कुठल्या इमारतीत पाणी चढत नाही, कुठला मालक डिपॉझिट परत देताना आजारी पडतो, हे सगळं डोक्यात ठेवावं लागे. वेबसाइटने ते ओझं उतरवलं. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं टाइप केलं की झालं. कशाने, ते वेबसाइट विचारत नाही.

शिवाय फोन भरपूर येतात. माझ्या काटेकोर पाहणीनुसार शंभरातले नव्वद फोन इतर एजंटांचे, नऊ होम लोनवाल्यांचे आणि एक राँग नंबर असतो. (राँग नंबरवाले सर्वांत सभ्य बोलतात.)

आमच्या धंद्यात ‘दाखवायचं घर’ अशी एक प्रथा आहे. स्वस्त, सुंदर आणि अस्तित्वात नसलेलं एक घर साइटवर ठेवायचं. फोन आला की पार्टीला बोलवायचं. पार्टी आली की चेहरा पाडून ‘सकाळीच उठलं हो’ म्हणायचं आणि मग दुसरं दाखवायचं, जे असतं. सगळेच करत असल्यामुळे याला कुणी खोटं म्हणत नाही, मार्केटिंग म्हणतात.

माझं दाखवायचं घर म्हणजे माझंच घर होतं. बायको सुगंधा आणि आई एका हळदीला पालीला गेल्या होत्या, तेव्हा मी आईची खाट, वाळत घातलेले कपडे, भांड्यांची मांडणी आणि टीव्ही जिन्यात काढून ठेवले आणि फोटो काढले. आईने खिडकीच्या ग्रिलला बांधलेला तुळशीचा डबा तेवढा सुटेना, तो राहू दिला. पत्ता मात्र पूनम सागर कॉम्प्लेक्सचा टाकला, कारण लोक तोच शोधतात. लिस्टिंग उत्तम चाललं. इतर एजंटांनी ते फोटो न विचारता घेतले (धंद्यातला शिष्टाचार), डावीकडचं उजवीकडे केलं, भिंती उजळल्या आणि आपापल्या नावाने लावले.

मग आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. महिनाअखेरीला घर रिकामं करायचं होतं. सुगंधा म्हणाली की लोकांना घरं दाखवता, आता आम्हालाही एक दाखवा. मी चारचौघांसारखा वेबसाइटवर बसलो. दोन मालकांनी मी एजंट असल्याचं कळताच फोन ठेवला. त्यांचा निर्णय मला पटण्यासारखा होता. महिना संपत आला, आई गाठोडी बांधून त्यांच्यावरच बसून राहू लागली आणि मला खरोखर भीती वाटू लागली.

एका संध्याकाळी सुगंधाने फोन माझ्यासमोर धरला. पूनम सागर, उजेड भरपूर, खिडकीत तुळससुद्धा. आईंना करमेल, म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसली. ते आमचंच घर आहे हे आम्हा दोघांनाही कळलं नाही, कारण आमचं घर रिकामं असं तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि मी फोटो पाहत नाही, वर ‘न्यू’ लिहिलंय का तेवढं पाहतो.

मी त्या लिस्टिंगवरच्या एजंटाला, धर्मेशला, फोन केला. त्याने कुणाला तरी विचारलं, त्याने आणखी कुणाला. थोड्या वेळाने माझा दुसरा, धंद्याचा फोन वाजला. निकेत नावाचा एजंट माझ्या दाखवायच्या घराबद्दल विचारत होता. पार्टी अर्जंट है, बोलला, फॅमिली है, घर में बूढ़ी माँ है. गरजू पार्टी मी आवाजावरून ओळखतो. मी भाडं थोडं वाढवलं. मग धर्मेशने मला कळवलं की भाडं वाढलंय. मी सुगंधाला म्हटलं, मालक हलकट दिसतोय.

रविवारी आम्ही तिघं पूनम सागरला पोचलो. धर्मेश होता, निकेतही आला. चावीवाला (घराची चावी ज्याच्याकडे असते तो एजंट) येईपर्यंत थांबा, असं दोघांचंही म्हणणं पडलं. थांबल्या थांबल्या आईने फोटो मोठा करून मागितला आणि बराच वेळ पाहिला.

“डब्याची ही लाल नाडी माझे परकराची हाय,” ती म्हणाली. “सदू, ह्या त आपलाच घर हाय.”

त्याच वेळी निकेतने चावीवाल्याला फोन लावला आणि माझा खिसा वाजला.

आधी धर्मेश सावरला. “बॉस, फोटो एक नंबर है,” तो मनापासून म्हणाला.

सुगंधा अजून स्क्रीनकडेच पाहत होती. “मला खरंच आवडलं होतं हो हे घर,” ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सध्या आम्ही पालीला आईच्या भाचीकडे राहतो. गल्ली अरुंद आहे, स्कूटर आली की भिंतीला चिकटावं लागतं. (लिस्टिंगमध्ये याला ‘निवांत परिसर’ म्हणतात.) आमची इमारत पाडून झाली. मी लिस्टिंग काढायला बसलो तेव्हा आईने हात धरला.

“ऱ्हाव दे,” ती म्हणाली. “माझी खिडकी दिसते.”

म्हणून ते अजून साइटवर आहे. रेडी टू मूव्ह. संध्याकाळी आई माझा फोन मागून घेते आणि बघत बसते.

तुम्ही फोन केलात तर मी रागावणार नाही. इमारत पाडल्याचं वर स्पष्ट लिहिलंय, तरी वाचता वाचता तुम्ही त्या खिडकीखाली आपली खुर्ची ठेवून पाहिलीत, हे मला ठाऊक आहे. रविवारी या. घरच्यांनाही आणा. सकाळीच उठलं असेल तर दुसरं दाखवतो.