देतोय की घेतोय?

"आता बघाच! बंगळूरची कंपनी जानोरीचा पत्ता विचारत येती का नाय!" सावळीरामने चहाच्या हॉटेलात गर्जना केली.

२००२ साल होतं. त्याच्या गुलाबांची वेबसाइट तयार होत होती. फुलं घेणाऱ्या कंपनीच्या मोठ्या बाई ती बघून वर्षभराचा माल ठरवणार होत्या.

वेबसाइट करणारा भाचा कुंदन. नाशकात कॉलेज रोडला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. त्यानं मामाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मामानं हसत गुलाबांची जुडी पुढे करायची, एवढंच.

पण व्हिडिओ उघडेल तर शपथ! फोनच्या वायरीवरचं इंटरनेट ते. मॉडेम मानगूट धरलेल्या कोंबडीसारखा किंचाळला, पडद्यावरची रेघ थोडी सरकली आणि फतकल मारून बसली.

"तोवर फुलं सुकतील की रे!" सावळीराम भडकला.

"मग जीआयएफ करू मामा. हलतं चित्र. फाइल हलकी, पटकन उघडते. फक्त आवाज नसतो, रंग कमी दिसतात आणि तेच तेच फिरत राहतं."

"फिरू दे! हलकंच कर!"

फिरलं, आणि घात झाला! शेवटी झटका बसू नये म्हणून कुंदननं तेच चित्र शेवटाकडून सुरुवातीकडे उलटं फिरवून मागे जोडलं होतं. त्यामुळे मामा हसत हसत जुडी पुढे करायचा आणि हसत हसतच काढून घ्यायचा. पुढे, मागे. पुढे, मागे. अहोरात्र! त्यात गुलाब शिजवलेल्या बिटासारखे काळपट.

हॉटेलवाला पुंजाराम सावळीरामपुढे चहाचा कप करी आणि ओठाशी येताच मागे ओढी. सगळे खो खो हसत. कहर म्हणजे बंगळूरच्या बाईंचा फोन आला, "माल नक्की देणार ना?"

सावळीरामची मोटारसायकल तडक दुकानावर! "काढ ते! माझ्या अब्रूचा झोका केलास मेल्या!"

"मामा, हलकं करा तुम्हीच म्हणालात..."

"चित्र हलकं म्हणालो होतो! माणूस नव्हे!"

अखेर कुंदननं नवा व्हिडिओ काढला आणि इंटरनेटच्या नादी न लागता सीडीवर भरून कुरिअरनं पाठवला. रंगासकट, आवाजासकट.

बाईंचा फोन आला. "माल पक्का!"

सावळीरामने मिशीला पीळ भरला.

"पण व्हिडिओत तुम्ही नुसते ओरडताय. मागून एक बाई मोडक्या हिंदीत शांतपणे सांगतात, फुलं पहाटे तोडतो, लगेच पाण्यात ठेवतो. त्या कोण?"

"ती... आमची मंडळी. लता."

"यापुढे आम्ही त्यांच्याशीच बोलू."

तेव्हापासून बंगळूरचा फोन वाजला की सावळीराम धावत जाऊन उचलतो, छाती फुगवून "हॅलो!" म्हणतो, क्षणभर ऐकतो आणि घर दणाणून ओरडतो,

"लताऽऽ! तुझा फोन!"