विमलबाईच्या गुलाबाची ऊब

गुलाबाला थंडी वाजते की नाही, हे गुलाबाला विचारून ठरवण्याची पद्धत आपल्याकडे नाही. ते चार जबाबदार पुरुषांनी बसून ठरवायचं असतं.

एकोणीसशे अडुसष्टच्या जानेवारीत खालापूर तालुक्यातल्या एका वाडीत (नाव देत नाही, वाडी अजून आहे आणि माणसं धडधाकट आहेत) असे चार पुरुष एकाच अंगणात सापडले. निमित्त विमलबाईच्या गुलाबाचं. तिनं तो शिळफाट्याच्या बाजारातून आणला, शेणखत घातलं, आणि संक्रांत जवळ आली तेव्हा त्याला कळी धरली. एकच. ती तिला हळदीकुंकवाला अंबाड्यात हवी होती, कारण मागच्या संक्रांतीला तिची थोरली जाऊ अंबाबाई सगळ्या बायांदेखत म्हणाली होती, "आमच्या विमलच्या हाताला कारलं तेवढं येतं गं!"

विमलबाईचा नवरा हिरामण खोपोलीला कारखान्यात, म्हणजे घरातला वाचणारा माणूस. त्यानं शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर वाचलं, की विलायतेत कडाक्याच्या थंडीत गुलाबाला ऊब द्यावी लागते. पुढचा मजकूर फाटला होता, पण तत्त्व हाती लागलं होतं. विलायतेत बर्फ पडतं, वाडीत दव पडतं. म्हणजे फरक फक्त प्रमाणाचा.

त्याच सांजेला गुलाब थंडी निवारण समिती स्थापन झाली. अध्यक्ष सासरे आबाजी, चिटणीस हिरामण, सदस्य थोरला भाऊ पोशा (अंबाबाईचा नवरा) आणि शेजारचा गोमा. पहिला ठराव: गुलाबाजवळ शेकोटी करावी. दुसरा ठराव: नुसती शेकोटी म्हणजे सरपणाची नासाडी, सबब तिच्यात पोपटी लावावी. (मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मीठ, ओवा, मडकं पालथं, भोवती जाळ. फुलझाडांच्या निगेसाठी लागणारं बाकीचं साहित्य नंतर पाहू.) दोन्ही ठराव एकमतानं मंजूर. गुलाब तटस्थ राहिला.

समितीनं एक दिवस खाडा केला नाही. इतर कुठल्याही समितीची हजेरी इतकी चोख असल्याचं ऐकिवात नाही. तिसऱ्या बैठकीला कोंबडी आली, आणि गुलाबाची पानं कडेनं तांबडी पडली.

"बगा, थंडीनं करपला!" आबाजी म्हणाले. "जाळ वाढवा रं."

विमलबाई पदर खोचून पुढं आली. "मामंजी, जाळानंच करपलाय त्यो."

"सूनबाय, जाळानं करपला आसता तं शेंगा नसत्या का करपल्या? शेंगा बग कशा येवस्थित हायत."

शेंगा खरोखरच व्यवस्थित होत्या. विमलबाईनं कळीवर ओलं फडकं टाकलं, ते समितीनं जप्त केलं. (ओल्यानं सर्दी होते.)

भोगीच्या सांजेला ती आत तीळगुळाच्या पाकात गुंतली असताना बाहेर आणीबाणी उद्भवली. सरपण संपलं आणि कोंबडी अर्धी कच्ची. जाळ विझला तर गुलाबाला थंडी बाधणार. गुलाब वाचवायचा तर जाळ टिकायला हवा. जाळ टिकायचा तर सुकं लाकूड हवं. आणि हाताशी सुकं लाकूड एकच होतं. समितीनंच ते इतके दिवस मन लावून सुकवलं होतं.

"काटे सांबाळ रं," आबाजी म्हणाले. गोमानं उपटलं.

कोंबडी झकास शिजली. हिरामणनं अहवाल दिला, की गुलाब अखेरपर्यंत उबेत होता.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला विमलबाई रिकाम्या अंबाड्यानं गेली. अंबाबाईनं वाटच पाहिली होती. "काय गं विमल, कुटं हाय तुझा गुलाब?"

"भावजींच्या पोटात," विमलबाई म्हणाली. "नीट शिजलावता का, इचार घरी जाऊन."

त्या वर्षी तीळगूळ घेऊनही कोणी गोड बोललं नाही.

समिती मात्र टिकली. पुढच्या हिवाळ्यात तिनं गुलाबाच्या रिकाम्या खड्ड्याला ऊब दिली. गुलाब मध्ये नसल्यानं काम जास्त सुटसुटीत झालं आणि सभासदसंख्या तिप्पट झाली.

ही हकीकत आजवर पुष्कळांना सांगून झाली. सगळे हळहळतात, समितीला हसतात, आणि मग थोडं पुढं सरकून विचारतात, "कोंबडी मडक्यात शेंगांच्या वर ठेवायची, का खाली?" विमलबाईनं पुन्हा गुलाब लावला का, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.

तुम्ही तरी विचाराल, असं वाटलं होतं. असो. खाली ठेवायची. हनुवटी पुसून घ्या.