पडद्यावर सात साहेब

सॉफ्टवेअर कुणीही बनवलेलं असो, त्याचा टूलबार जो आपल्या हाताला बसवून घेतो, तोच खरा कारागीर! मी पहिल्याच आठवड्यात बिनकामाची बटणं हाकलली आणि लाडक्या 'कॉपी'ला डाव्या कोपऱ्यात मानाची जागा दिली.

काम होतं वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्यांसाठी बोलता-हलता धडा तयार करायचं. मशीन कंपनीच्या मालकीणबाईंना तो पसंत पडला, तरच माझी कच्ची नोकरी पक्की होणार होती. धड्याला आवाज माझ्या बायकोचा. फुकट मिळाला ना!

आता हे सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राला 'वस्तू १', 'वस्तू २' अशी नावं देतं. दोनशे वस्तूंत हवी ती शोधणार कशी? म्हणून मी लक्षात राहतील अशी नावं ठेवली. नुसताच लुकलुकणारा, काम काही न करणारा दिवा म्हणजे 'साहेब'. एकदा सुरू झाला की कुणाच्या बापाचं न ऐकणारा ड्रम म्हणजे 'सासूबाई'. बघणार कोण होतं? मी एकटाच!

मालकीणबाई धडा बघायला आल्या, त्या दिवशी आमच्या खऱ्या साहेबांनी माउस स्वतःकडे ओढला. "तू बस. मी दाखवतो." माझ्या शेजारी बायको बसली होती. आपला आवाज ऐकायला हौसेनं आली होती बिचारी.

साहेबांनी बाण दिव्यावर नेला. वर पिवळी पट्टी उमटली : साहेब.

"हे काय रे?"

"नाव दिसतंय, साहेब. ते लपवायचं बटण..."

"मला शिकवतोस? डाव्या कोपऱ्यात असतं!"

खट्! तिथं आता माझं 'कॉपी' होतं. पडद्यावर दुसरा साहेब. खट्, खट्, खट्! बघता बघता सात साहेब झाले. सातही लुकलुकतायत, काम एकही करत नाही.

"अरे, बटण गेलं कुठं?"

"मीच काढलं. लागत नव्हतं."

साहेबांनी घाबरून भलतंच काही दाबलं आणि धडा सुरू झाला. ड्रम गरगरू लागला. त्यावर पट्टी : सासूबाई. आणि बायकोचा गोड आवाज घुमला, "हा भाग फार आवाज करू लागला, तर वेळीच बंद करावा."

मी स्पीकरची वायर शोधू लागलो. मालकीणबाई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "आमची माणसं हे जन्मात विसरणार नाहीत! नावं अशीच ठेवा!"

"कल्पना आमचीच," साहेब घाम पुसत म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे माझी नोकरी पक्की केली.

घरी पोचल्यावर बायकोनं कुलूप उघडलं. मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, "अभिनंदन! आता आईला फोन लावा आणि नोकरी कशामुळे पक्की झाली, ते तुम्हीच सांगा."

मी साहेबांना फोन लावला. विचारलं, नोकरी कच्चीच राहू दिली तर चालेल का?